नेटका पॅच

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटने काढलेला कोणताही पॅच, म्हणजे बदलाची फाइल, उघडा, पहिल्या ओळीत तारीख एकच दिसेल: सोमवार, १७ सप्टेंबर २००१. बदल काल केलेला असो की दहा वर्षांपूर्वी, तारीख तीच. गंमत म्हणजे गिटचा जन्मच एप्रिल २००५ मधला! ईमेल साठवण्याच्या जुन्या फाइलींत प्रत्येक पत्राच्या डोक्यावर तारखेची एक ओळ लागते. तिथे गिट मुद्दाम हीच तारीख घालतं, म्हणजे ही कुणाची मेलपेटी नसून गिटचा पॅच आहे हे फाइल ओळखणाऱ्या प्रोग्रामला कळतं. खरी तारीख दोन ओळी खाली असते, आणि संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवर असेल तर तिच्या शेवटी +०५३० लिहिलेलं असतं.

अंधेरीच्या माणसाला हा आकडा बोलका वाटावा. इथलं सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झालं. पुढे तिथे आणि लगतच्या एमआयडीसीत सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. चकाल्याच्या, मरोळच्या कचेऱ्यांत बसून कितीतरी जणांनी परदेशी ग्राहकांसाठी आयुष्यभर कोड लिहिला. तो ग्राहकाच्या मालकीचा. लिहिणाऱ्याचं नाव बाहेर कुणाला कळत नाही. खुल्या सॉफ्टवेअरला पाठवलेला पॅच मात्र नावानिशी जातो आणि नावानिशी राहतो. ही पद्धत शिकून घ्यावी असं मला वाटतं ते यासाठी. कमांड काय, दोन संध्याकाळींत येतात.

पद्धत तशी जुनी. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. दोन फाइलींतला फरक दाखवणारा 'डिफ' युनिक्सवर आधीपासून होता. त्याने दाखवलेला फरक दुसऱ्याच्या संगणकावरच्या फाइलीत आपोआप बसवायचं काम वॉल यांच्या प्रोग्रामने केलं. त्याच वर्षी इकडे मुंबईत एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, स्थापन झालं. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवरची ही संस्था अंधेरी स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या आरंभी, १९८६-८७ च्या सुमारास, एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेल सुरू झाली. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा, असा तो कारभार. अशा लाइनवर अख्खी फाइल पाठवणं परवडणारं नव्हतं. बदललेल्या चार ओळीच पाठवणं शहाणपणाचं. जगभर कोड ईमेलने फिरू लागला तो अशाच तंगीतून. रमणींना २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

आता घरोघरी फायबर आहे, तरी लिनक्सचा गाभा आणि खुद्द गिट हे दोन्ही प्रकल्प बदल ईमेलनेच घेतात. हा जुनाटपणा नव्हे. पत्रातल्या हव्या त्या ओळीखाली शेरा मारता येतो, कुठल्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर खातं काढावं लागत नाही, आणि पॅच तयार करायला नेट लागतच नाही. विरार लोकलमध्ये बसायला मिळालं (ही अट मोठीच आहे) तर सगळी तयारी गाडीत होते.

समजा, हिशेबाच्या एखाद्या प्रोग्राममध्ये लाखाचा आकडा १००,००० असा छापला जातोय आणि तुम्हाला तो १,००,००० करायचाय. वेगळी शाखा काढून तुम्ही बदल केला. करता करता जवळच्या एका फंक्शनचं नाव सुधारलं, दोन मोकळ्या जागाही काढल्या. हे सगळं एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एकाच नोंदीत, कोंबणारे पुष्कळ, आणि पॅच परत येतो तो इथेच. नाव सुधारणं हा एक पॅच, स्वल्पविरामाची दुरुस्ती दुसरा, तिची चाचणी हवी तर तिसरा. प्रत्येक पॅच लावल्यावर प्रोग्राम चालला पाहिजे. ही वाटणी 'रीबेस'ने मागाहूनही करता येते. तपासणारा माणूस बहुधा दमलेला असतो. त्याला एका वेळी एकच गोष्ट डोक्यात ठेवायला लावणं ही खरी कारागिरी. कमिटच्या संदेशात काय बदललं याच्या जोडीला का बदललं तेही हवं. काय बदललं ते खाली दिसतंच.

मग 'गिट फॉरमॅट-पॅच' म्हटलं की ०००१, ०००२ अशा क्रमाने फाइली पडतात. त्यांची नावं विषयाच्या ओळीवरून ठरतात. विषय मराठीत लिहिलात तर फाइलीच्या नावातून देवनागरी अक्षरं गळतात आणि नुसता आकडा उरतो. आतला मजकूर मात्र शाबूत राहतो. फाइलीत वजा चिन्हाची ओळ म्हणजे गेलेली, अधिक चिन्हाची म्हणजे आलेली. वर-खाली न बदललेल्या तीन-तीन ओळी असतात. दरम्यान मूळ फाइल थोडी सरकली तरी त्यांच्या आधाराने बदलाची जागा सापडते. मालिका मोठी असेल तर प्रास्ताविक पत्राची ०००० क्रमांकाची फाइलही काढून घ्यावी.

संदेशाच्या शेवटी तीन आडव्या रेघांची ओळ असते. तिच्या खाली, डिफच्या आधी जे लिहाल ते मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, वाचतो, पण पॅच लावताना ते गळून पडतं, इतिहासात जात नाही. 'मागच्या खेपेला सुचवलेलं नाव घातलं आहे' असल्या गोष्टींची ती जागा. रेघांच्या वर 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि तुमचं नाव. लिनक्समध्ये ही प्रथा २००४ साली आली, कोडच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या चालू होत्या तेव्हा. हा कोड इथे देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. नोकरी करणाऱ्याने ती देण्याआधी आपला करार काढून वाचावा.

पाठवताना जीमेलच्या खिडकीत पॅच चिकटवू नका. तिथे टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मध्येच तुटतात आणि पॅच लागत नाही. 'गिट सेंड-ईमेल' वापरा, आणि पहिली प्रत स्वतःलाच पाठवून ती 'गिट ए-एम'ने लावून बघा. कचेरीचा मेल तर टाळाच. बऱ्याच कंपन्यांचा सर्व्हर प्रत्येक पत्राखाली 'हा मजकूर गोपनीय आहे' अशी तळटीप आपणहून जोडतो, आणि तसली टीप असलेला पॅच खुल्या प्रकल्पात कुणी घेत नाही.

उत्तर यायला वेळ लागतो. लिनक्सच्या कामात दोन-तीन आठवडे जाणं नेहमीचं. आठवडा व्हायच्या आत आठवण करू नये. शेरे आले की प्रत्येकाला त्या-त्या ओळीखाली उत्तर द्यावं, दुरुस्ती करावी आणि विषयात 'व्ही२' घालून अख्खी मालिका नव्याने पाठवावी, फक्त दुरुस्त केलेला तुकडा नव्हे. 'व्ही५'पर्यंत गेलेले पॅच मुरलेल्या मंडळींचेही असतात.