मध्येच थबकणारा संगणक

यंत्र एकदाचे बंद पडले, तर त्याचे दुःख सरळ असते. कारागीर येतो, भाग बदलतो, पैसे घेतो आणि जातो. परंतु जे यंत्र चार दिवस सुरळीत चालते, पाचव्या दिवशी ऐन कामात थिजते आणि कारागीर समोर येताच गरीब गायीसारखे वागू लागते, त्याच्यापुढे भल्याभल्यांची मती गुंग होते. संगणकाच्या ह्या दुखण्यास बोलीभाषेत 'हँग होणे' म्हणतात. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकाने तीन महिने आम्हांस ह्या दुखण्याचा पाठ दिला. आता घरोघरी संगणक असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

कार्यालयात स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या आहेत. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील ५३५ व्या नियमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाने अशा वह्या राखावयाच्या असतात. पुढे दृढीकरण वा विवाह झाला, तर त्याचीही नोंद तेथेच करावयाची असते. मूळ दप्तर हेच. संगणकावरील सूची केवळ शोधाच्या सोयीसाठी. तथापि एकेका दाखल्यासाठी वह्या चाळताना पानांच्या कडा गळून पडू लागल्या होत्या. म्हणून एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सूची तयार करण्याचे काम अंगावर घेतले. रोज सकाळच्या मिस्सानंतर त्या दोन तास बसत.

काही दिवसांतच पडदा थिजू लागला. कधी अर्ध्या-एक मिनिटाने सुटे. कधी बटण दाबून यंत्र बंद करावे लागे आणि न जतन केलेले काम वाया जाई. मग सल्ल्यांना काय तोटा? कोणी म्हणाले व्हायरस, कोणी म्हणाले वीज कमीजास्त होते. एका सद्गृहस्थांनी, 'बाई, आपण कळा फार जोराने दाबता,' असे सुनावले. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही मान डोलावली. कारण दुसरे कोणी बसले की यंत्र निमूटपणे चाले. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मात्र त्या येईनाशा झाल्या.

दुकानदाराने सर्व पुसून नव्याने 'विंडोज' भरण्यास सांगितले. तेही केले. दुखणे तसेच राहिले. मग नवा संगणक घ्यावा, अशी बोलणी सुरू झाली, आणि छताच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या रकमेकडे सर्वांचे डोळे वळले.

अशा वेळी धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन मुलाने दोन गोष्टी सुचविल्या. पहिली, सर्व नोंदींच्या दोन प्रती काढून त्यांतील एक कार्यालयाबाहेर ठेवावी. दोषाचा शोध त्यानंतर. दुसरी, संगणकाची रोजनिशी ठेवावी. दुसरी सूचना ऐकून आम्हांस हसू आले, हे कबूल करतो.

त्याने साध्या वहीत रकाने आखून दिले. किती वाजता थबकला? किती वेळ? माऊसचा बाण हलत होता काय? 'कॅप्स लॉक' दाबल्यावर त्याचा दिवा लागला काय? पेटीवरचा हार्ड डिस्कचा दिवा अखंड जळत होता काय? आणि शेवटचा रकाना: त्याच्या आधी खोलीत काय घडले? ह्यांतील प्रत्येक प्रश्नास अर्थ आहे. बाण निश्चल आणि कॅप्स लॉकही मेलेला असेल, तर बहुधा सारे यंत्रच गोठले आहे. मग स्मृती म्हणजे रॅम, वीजपुरवठा, उष्णता ह्यांकडे पाहावे. बाण हलतो, पण काहीच उघडत नाही आणि डिस्कचा दिवा जळत राहतो, तर संगणक डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असण्याचा संभव मोठा. आमच्या वहीत हीच दुसरी लक्षणे पुनःपुन्हा उतरली.

विंडोज स्वतःही रोजनिशी लिहिते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून थबकण्याच्या वेळेच्या नोंदी पाहाव्या. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' दिसले की लोक घाबरतात; पण यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही. आमच्याकडे तिच्या आधी प्रत्येक वेळी १२९ क्रमांकाची नोंद सापडली. डिस्कने उत्तर न दिल्याने तिचा दुवा नव्याने जोडावा लागला, असा तिचा आशय.

तरीही मुलाने घाई केली नाही. धूळ झाडली, पंखा पाहिला. रात्रभर 'मेमटेस्ट' चालवून रॅम तपासली. ह्या परीक्षेत एक चूक निघाली तरी ती रॅम संशयित समजावी. आमची निर्दोष ठरली. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असा त्याचा दंडक होता. दोन एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला हे कळत नाही. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र त्याने उघडली नाही. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युत्भार उरू शकतो.

कधी दोष बनविणाऱ्याचाही असतो. 'क्रूशियल एम४' ह्या डिस्का ५,१८४ तास चालल्यावर दर तासाला निरुत्तर होत. २०१२ साली कंपनीने आतील आज्ञावली सुधारून दिली. २०२२ साली एएमडीने आपल्या काही संगणकांचे क्षणभर अडखळणे सुरक्षेसाठी असलेल्या 'एफटीपीएम' सोयीमुळे होते, असे मान्य केले. उपाय होता नवे 'बायोस'. म्हणून कंपनीच्या सूचना वाचाव्या.

आमचे उत्तर अखेर शेवटच्या रकान्यात सापडले. अकरांपैकी नऊ वेळा तेथे लिहिले होते: 'पोलादी कपाट उघडले.' सणापूर्वी रंगकाम झाले, तेव्हा संगणकाची पेटी हलवून त्या कपाटास टेकवून ठेवली होती. कपाटाचे दार घट्ट. ओढले की सारे हादरे. एक वही ठेवून दुसरी काढण्यासाठी ते सकाळी बाईच उघडीत! कारागीर येई, तेव्हा कपाट बंद असे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

मुलाने डिस्कचा स्वतःचा हिशेब पाहिला. त्यात १९९ क्रमांकाचा आकडा तारेतून येता-जाता बिघडलेल्या संदेशांचा असतो. तो २१४ होता. दार तीनदा आपटले. तो २१९ झाला. यंत्र बंद करून, वायर काढून त्याने पेटी उघडली, तो डिस्कची साटा केबल अर्धवट बसलेली. शंभरएक रुपयांची नवी केबल लावली आणि पेटी कपाटापासून दूर सरकविली. हा आकडा मागे जात नाही; तो वाढत नाही ना, एवढेच पाहावयाचे. महिना झाला, तो २१९ वरच आहे.

बाईंकडे आम्ही स्वतः गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून शेवटचा रकाना वाचला, चहा दिला आणि एवढेच विचारले, "दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलेत का?"

घातले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या येण्यापूर्वी घातले.