एका जागेची नोकरी

फुटबॉलच्या संघात अकरा जण असले तरी दहा जागांचा हिशेब एक आणि अकराव्या जागेचा दुसरा. बचावपटूला गरज पडली तर मधल्या फळीत पुढे ढकलता येतं, मधल्या फळीतला कुणी विंगवर धावतो, ऐंशीव्या मिनिटाला दमलेल्याच्या जागी ताज्या दमाचा गडी उतरतो. गोलरक्षकाच्या बाबतीत यातलं काही घडत नाही. तो जखमी झाला किंवा लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तर दुसऱ्याला हातमोजे चढवायला मिळतात; एरवी नाही. क्रिकेटमध्ये २०१९च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात धोनी, पंत आणि कार्तिक हे तिघेही यष्टिरक्षक एकाच संघात खेळले, कारण तिघांनाही फलंदाजी येत होती. गोलरक्षकाला असला दुसरा हुन्नर कामाला येत नाही. क्लब साधारण तीन गोलरक्षक पगारावर ठेवतो आणि सामन्याच्या दिवशी त्यातला एक खेळतो.

परदेशी गोलरक्षक ठेवायचा म्हणजे क्लबने ही एकुलती एक जागा बाहेरच्या माणसाच्या हवाली करायची. स्ट्रायकरसाठी क्लब जुगार खेळतात, कारण तो चुकला तर गोल होत नाही, एवढंच. गोलरक्षक चुकला तर गोल होतो. त्यामुळे अनोळखी लीगमधून आलेल्या गोलरक्षकाला मोठा क्लब सहसा थेट उचलत नाही. आधी कुणा छोट्या क्लबने त्याला तपासून घेतलेलं हवं असतं.

कोस्टारिकाचा केलर नावास याच वाटेने गेला. त्याचा जन्म १९८६चा, पेरेस सेलेदोन भागातला. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या क्लबांपैकी एक असलेल्या सप्रिसाकडून तो खेळला, तिथे विजेतेपदं मिळवली, राष्ट्रीय संघात आला. २०१०मध्ये स्पेनने त्याला घेतलं ते अल्बासेतेमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत. तो हंगामभर खेळला आणि संघ खालच्या श्रेणीत घसरला. घसरलेल्या संघाचा गोलरक्षक म्हटल्यावर वाटतं, याचं आता संपलं. पण असा गोलरक्षक दर आठवड्याला भरपूर फटके झेलतो आणि ते पाहायला आलेल्या माणसांना त्याच्याबद्दल भरपूर कळतं. विजेत्या संघाच्या गोलरक्षकाला नव्वद मिनिटांत दोनदाच चेंडू पकडावा लागत असेल, तर त्याच्याविषयी काय कळणार! पुढच्याच हंगामात पहिल्या श्रेणीतल्या लेवान्तेने नावासला लोनवर घेतलं.

तिथे उरुग्वेचा गुस्तावो मुनुआ पहिला गोलरक्षक होता. नावासच्या वाट्याला लीगचा एक सामना आला, तोही हंगामाच्या शेवटच्या दिवशी. पुढचा हंगामही मुख्यतः बाकावर गेला. मग मुनुआ क्लब सोडून गेला, २०१३-१४मध्ये नावास पहिल्या क्रमांकाचा झाला आणि त्या वर्षी स्पॅनिश लीगच्या वार्षिक पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गोलरक्षक ठरला. एवढ्या गुणांचा माणूस दोन वर्षं बाकावर का होता, असा प्रश्न पडतो. तो दोन वर्षांत अचानक सुधारला, असं मला वाटत नाही. पुढचा माणूस गेला, म्हणून तो दिसला. गोलरक्षकाच्या एजंटने नवा क्लब निवडताना पगाराआधी तिथल्या पहिल्या गोलरक्षकाचं वय आणि त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष पाहावं, असं म्हणतात ते याचसाठी.

आता कागदपत्रांकडे येऊ. यात तीन गोष्टी असतात: करार, देशात काम करण्याची परवानगी आणि फुटबॉल संघटनेकडची नोंदणी. एक झाली म्हणजे दुसरी होईलच, असं नाही.

फिफाच्या नियमानुसार अठराच्या आतल्या खेळाडूला मोजके अपवाद सोडले तर दुसऱ्या देशात नोंदवता येत नाही. व्यावसायिक करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो आणि मुदत संपल्यावर फुकट जाऊ शकतो. स्पेनमध्ये यात आणखी एक भर आहे. १९८५च्या शाही आदेशामुळे तिथे करारात रिलीज क्लॉज असतो, म्हणजे खेळाडूने ठरलेली रक्कम भरून मोकळं व्हायचा हक्क. कागदोपत्री ती खेळाडू भरतो, पैसे अर्थात नव्या क्लबचे. एकदा रक्कम भरली की जुन्या क्लबाने नाही म्हणायचा प्रश्नच उरत नाही.

काम करण्याच्या परवानगीचं गणित देशागणिक बदलतं. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत त्या काळी युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू चालत. तीनपैकी एक जागा गोलरक्षकावर घालवायला क्लब का कू करतात. पण स्पॅनिश कायद्याने लॅटिन अमेरिकी देशांच्या नागरिकांना दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येतं; इतरांना सर्वसाधारणपणे दहा वर्षं थांबावं लागतं. नावासनेही पुढे स्पॅनिश नागरिकत्व घेतलं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले इतके खेळाडू स्पेनमध्ये का दिसतात, याचं निम्मं उत्तर भाषेत आहे आणि निम्मं या दोन वर्षांत.

इंग्लंडचा दरवाजा जास्त अरुंद. वर्षानुवर्षं तिथला नियम असा होता, की परदेशी खेळाडूने आदल्या दोन वर्षांत आपल्या देशाचे ७५ टक्के सामने खेळलेले असावेत आणि तो देश क्रमवारीत वरचा असावा. गोलरक्षकासाठी हा दुहेरी फास आहे, कारण राष्ट्रीय संघातही जागा एकच. अमेरिकेचा ब्रॅड फ्रीडेल यात नेमका अडकला. देशाच्या संघात ती जागा वाटून घ्यावी लागत होती, सामन्यांची टक्केवारी भरत नव्हती आणि इंग्लिश क्लबांनी त्याच्यासाठी केलेले अर्ज एकामागून एक फेटाळले गेले. तो तुर्कस्तानात गालातासारायकडे गेला, मायदेशी कोलंबसला परतला आणि १९९७च्या अखेरीस लिव्हरपूलला पोचला. नंतर याच माणसाने प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने सुरुवातीपासून खेळायचा विक्रम केला. ब्रेक्झिटनंतर, २०२१पासून, तिथे गुणांची पद्धत आली. देशाचे सामने, क्लबचे सामने, लीगचा दर्जा यांचे गुण मोजतात आणि ते १५ भरावे लागतात. क्रमवारीत शंभराच्या खाली घुटमळणाऱ्या देशाच्या गोलरक्षकाला हे जमणं किती अवघड, हे भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट नोंदणीची, आणि इथे मिनिटं मोजली जातात. नोंदणीच्या खिडक्या वर्षातून दोनदा उघडतात. एका देशातून दुसऱ्या देशात जायचं तर जुन्या देशाच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि २०१०पासून हा सगळा व्यवहार फिफाच्या संगणक प्रणालीतून होतो. विकणारा आणि घेणारा, दोन्ही क्लबांनी आपापला तपशील भरायचा, कागद चढवायचे आणि दोन्हीकडचं जुळलं पाहिजे.

आता पुन्हा नावासकडे. २०१४च्या विश्वचषकात उरुग्वे, इटली आणि इंग्लंडच्या गटात कोस्टारिका पहिला आला. ग्रीसविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये नावासने गेकासचा फटका अडवला आणि संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे नेदरलँड्सच्या प्रशिक्षकाने शूटआउटच्या तोंडावर धडधाकट गोलरक्षक बाहेर काढून टिम क्रूलला उतरवलं. जखमी झाल्याशिवाय गोलरक्षक बदलत नाहीत, या सुरुवातीला सांगितलेल्या नियमाचा हा गाजलेला अपवाद, आणि तो नावासच्याच विरुद्ध घडला. कोस्टारिका हरला. पण ऑगस्टमध्ये रेआल माद्रिदने क्लॉजचे एक कोटी युरो भरून नावासला नेलं. तिथे पहिला गोलरक्षक इकर कासियास. पुन्हा एक वर्ष बाक. २०१५मध्ये कासियास पोर्तोला गेला, तेव्हा माद्रिदने ठरवलं, की आता मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड दे हेया आणायचा आणि नावासला त्या व्यवहारात मँचेस्टरला धाडायचं. ३१ ऑगस्टला मध्यरात्री स्पेनची खिडकी बंद होणार होती. दोन्ही क्लबांचं ठरलं, कागद निघाले आणि वेळेत पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन्ही क्लबांनी मिनिटामिनिटाचा हिशेब देत चूक समोरच्याची असल्याचं जाहीर केलं. दे हेया मँचेस्टरलाच राहिला, नावास माद्रिदला. पुढच्या तीन हंगामांत, २०१६, २०१७ आणि २०१८मध्ये, माद्रिदने लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या आणि तिन्ही अंतिम सामन्यांत गोलमध्ये नावास उभा होता. क्लबाने ज्याला विकायला काढलं होतं तो!

बाकावरचा काळ प्रत्यक्षात कसा जातो, हेही सांगायला हवं. गोलरक्षकांचा प्रशिक्षक वेगळा असतो आणि तिघे-चौघे सकाळपासून त्याच्यासोबत मैदानाच्या एका कोपऱ्यात सराव करतात. म्हणजे ज्याची जागा हवी आहे, त्यालाच दिवसभर फटके मारून तयार करायचं, आणि त्याने आपल्याला. सुटका बहुधा चषक स्पर्धांत होते. बरेच प्रशिक्षक लीग एकाला देतात आणि चषक दुसऱ्याला. माद्रिदमध्येच २०१३-१४ला प्रशिक्षक अँचेलोत्तीने लीगसाठी दिएगो लोपेस आणि चॅम्पियन्स लीगसाठी कासियास अशी वाटणी केली होती.

आपला गुरप्रीत सिंग संधू या वाटेने गेलेला. ईस्ट बंगालकडून तो ऑगस्ट २०१४मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला. पहिला अधिकृत सामना २०१५मध्ये चषक स्पर्धेत मिळाला. नॉर्वेच्या सर्वोच्च लीगमध्ये उतरायला मे २०१६ उजाडलं. महिनाभराने तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळला आणि तिथवर पोचलेला पहिला भारतीय ठरला. ऑगस्ट २०१७मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे परतला. तीन वर्षांत एवढेच सामने, म्हणून काहींनी हा प्रवास फसला म्हटलं. मला तो हिशेब पटत नाही. तिथल्या रोजच्या सरावातला वेग आणि फटक्यांचा जोर भारतात मिळत नव्हता, आणि परतल्यावर देशाची पहिल्या क्रमांकाची जर्सी त्याने वर्षानुवर्षं सांभाळली. त्याच्या आधी सुब्रत पाल डेन्मार्कच्या वेस्टशेलांडकडे गेला होता. महिलांमध्ये अदिती चौहान २०१५मध्ये वेस्ट हॅमकडून खेळली. गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या काळात अशी दारंच नव्हती. देशाचं कर्णधारपद भूषवलेला हा गोलरक्षक सगळी कारकीर्द भारतातल्या क्लबांकडून खेळला.

नव्या देशात आल्यावर गोलरक्षकाला भाषा इतरांपेक्षा लवकर लागते. विंगरचं हातवाऱ्यांवर भागतं. गोलरक्षक मात्र सगळ्या संघाच्या पाठीमागे उभा राहून ओरडत असतो आणि पुढचे बचावपटू त्याला पाहत नसतात, ऐकतात फक्त. कॉर्नरच्या वेळी ‘माझा’, ‘बाहेर काढ’, ‘पाठीवर माणूस आहे’ हे त्यांच्या भाषेत आणि विचार न करता तोंडातून निघालं पाहिजे. ऑस्ट्रेलियाचा मार्क श्वार्झर जर्मन आईवडिलांच्या घरात वाढला आणि युरोपात पहिल्यांदा गेला तो ड्रेस्डेनलाच. पुढे इंग्लंडमध्ये मिडल्सब्रो, फुलहॅम असं करत त्याने प्रीमियर लीगचे ५१४ सामने खेळले.

खेळही देशागणिक वेगळा लागतो. इंग्लंडमध्ये कॉर्नरला गोलरक्षकाभोवती जी खेचाखेच चालते, ती स्पेनमधून आलेल्याला फाउल वाटते आणि रेफ्री शिटी वाजवत नाही. नॉर्वेत बऱ्याच मैदानांवर कृत्रिम गवत असतं, त्यावर चेंडूची उसळी वेगळी. १९९२पासून सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू हातात धरता येत नाही. तेव्हापासून पायाने खेळणं हा या नोकरीचाच भाग झाला. काही लीगमध्ये तर गोलरक्षकाची निवडच पासिंगवर होते. २०२५च्या मध्यापासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, म्हणजे दम खायची तीही जागा गेली.

बदलीच्या पैशातला एक भाग मागे उरलेल्यांकडेही जातो. करार चालू असताना खेळाडू रक्कम घेऊन दुसऱ्या देशात विकला गेला, तर त्यातले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. त्यासाठी त्या वर्षांची नोंदणी कागदावर असावी लागते. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघातला मुलगा उद्या असा विकला गेला, तर तालमीला काही मिळेल की नाही, हे त्या नोंदींवर ठरेल.

नावासचं पुढचं सगळं पहिल्यासारखंच घडलं. २०१८मध्ये माद्रिदने गोलरक्षक कुर्तुआ आणला, नावास पुन्हा बाकावर. २०१९मध्ये तो पॅरिसला गेला, पहिल्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला, आणि २०२१मध्ये तिथे दोन्नारुम्मा आला, तोही करार संपवून फुकट. जानेवारी २०२३मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गोलरक्षक डीन हेंडरसन जखमी झाला, तेव्हा नावास तिथे सहा महिने लोनवर खेळला. पॅरिसचा करार २०२४मध्ये संपला. २०२५च्या जानेवारीत त्याने अर्जेंटिनाच्या नेवेल्स ओल्ड बॉइजशी करार केला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या पुमासशी. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. स्ट्रायकर या वयाला सहसा निवृत्त झालेला असतो. गोलरक्षकाला धावायचं कमी आणि जागा ओळखायची जास्त असते, त्यामुळे त्याची चार-पाच वर्षं वाढतात. फ्रीडेल चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबला. फक्त या शेवटच्या वर्षांत करार एकेका हंगामाचे होतात आणि क्लबात शिरताना पाहायची गोष्ट उलटी होते: बाकावर विशीतला कोण बसलाय, ते.