तुरीच्या पेऱ्यामागचा हिशेब

तुरीचे भाव पडले की शहरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: शेतकरी मेंढरांसारखे एकाच पिकामागे धावतात, मग रडतात. २०१६ चा हंगाम आठवला, तर हा आरोप किती अन्यायाचा आहे ते कळतं.

२०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षं पावसानं दगा दिला. तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली. मग केंद्रानं २०१६-१७ साठी बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव दिला आणि डाळी पेरा असं आवाहन केलं. शेतकऱ्यांनी ऐकलं. देशातलं तुरीचं क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टरवरून ५३ लाखांवर गेलं, पाऊसही चांगला झाला, आणि उत्पादन २५ लाख टनांवरून ४८ लाखांच्या पुढे पोहोचलं. सरकारनं मागितलं तेच त्यांनी पिकवून दिलं. भाव पडले, तेव्हा ठपका मात्र त्यांच्यावरच आला.

हमीभाव जाहीर झाला म्हणजे पदरात पडला, हाही असाच एक समज. हा भाव मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर. तिथं सातबाऱ्यावर पेऱ्याची नोंद हवी, दाण्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, माल चाळणीतून उतरायला हवा. २०१७ मध्ये महाराष्ट्रात एवढं सगळं करूनही बारदाना नाही म्हणून काटे थांबले. २२ एप्रिलला केंद्राच्या वतीनं खरेदी करणाऱ्या नाफेडची खरेदी बंद झाली, तेव्हा केंद्रांवर तूर पडून होती. ती विकत घ्यायला राज्याला वेगळा निर्णय घ्यावा लागला. ज्यांना थांबणं परवडत नव्हतं, त्यांनी हमीभावाच्या कितीतरी खाली व्यापाऱ्याला माल दिला.

हमीभाव वाढवला की पेरा आपोआप वाढतो, असंही नाही. शेतकरी आयात-निर्यातीकडेही बघतो. जुलै २०१६ मध्ये, ऐन पेरणीत, मोझांबिकशी डाळ आयातीचा करार झाला. आपल्या तुरीवरची निर्यातबंदी मात्र सप्टेंबर २०१७ पर्यंत उठली नाही. २०२५ च्या सुरुवातीलाही तेच: हमीभाव ७,५५०, बाजार त्याच्या खाली, आणि तुरीच्या शुल्कमुक्त आयातीला मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ.

मराठवाड्यात तूर बहुतेकदा सोयाबीनच्या ओळींमध्ये घेतात, विदर्भात कपाशीतही. सोयाबीन शंभरएक दिवसांत मोंढ्यावर जातं, तूर साडेपाच-सहा महिने रान अडवते. त्यामुळे जूनमध्ये सोयाबीनच्या किती ओळींमागे तुरीची एक ओळ टाकायची हे ठरवताना हमीभावाइतकीच चौकशी होते ती आयातीची मुदत कधी संपते याची.