कुंकू सर्वांचं, काजळ ज्याचं त्याचं

नवरात्रात तुळजापूरला कपाळभर मळवट भरलेल्या बायकांची रीघ लागते. कोण कुठली, कुणाला ठाऊक नसतं. पण एकीच्या करंड्यातलं कुंकू दुसरीच्या कपाळी सहज जातं. धाराशिव जिल्ह्यात बँकेची नोकरी करताना ही देवघेव मी वर्षानुवर्षं पाहिली. चार पैशांच्या कर्जालाही जामीनदार मागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तिचं मोठं अप्रूप वाटे.

मात्र याच मोकळेपणानं घराघरांत काजळाची डबीही फिरते, आणि हिशेब चुकतो तो इथं. कोरडं कुंकू कपाळाच्या धडधाकट कातडीवर बसतं. काजळ लागतं पापणीच्या ओल्या, नाजूक कडेला. बोट डोळ्यातून डबीत, डबीतून दुसरीच्या डोळ्यात. जंतूंना आयतीच वाट मिळते.

खुपऱ्यांचा रोग असाच बोटांवरून, पदरावरून, रुमालावरून आणि माश्यांमार्फत पसरे. पुन्हापुन्हा झाला की पापणी आतून आक्रसते, केस आत वळतात आणि बुबुळावर घासून घासून दृष्टी जाते. मुलं सांभाळणाऱ्या बायकांना त्याचा त्रास अधिक. सरकारनं १९६३मध्ये त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम काढली. भारतात ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर करायला २०२४चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे साठ वर्षं लागली!

खुपऱ्या हटल्या, म्हणून डबी निर्धोक झाली असं नाही. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आलीच होती. डोळे आलेले असताना वापरलेलं काजळ फेकून द्यावं, ते पुन्हा डोळ्याला लावू नये. मस्काऱ्याची कांडी तीन-चार महिन्यांत बदलावी. वाळला म्हणून त्यात पाणी किंवा थुंकी घालू नये. तापानंतर ओठांवर पुटकुळ्या उठतात, त्याही एकीच्या लिपस्टिकमधून दुसरीकडे जाऊ शकतात. लग्नात नवरीला सजवायला बाई बोलावली, तर ब्रश धुतलेले आहेत का, हे खुशाल विचारावं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालूच नये, असं डॉक्टर सांगतात. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसंही सापडलं आहे.

हे सारं कळतं. अडतं ते ‘नाही’ म्हणताना. नवी सून नणंदेला, धाकटी जाऊ थोरलीला काजळ कसं नाकारणार? नाकारलं तर ‘आमचा विटाळ होतो का?’ हे ऐकावं लागतं. म्हणून हा नियम घरातल्या थोरल्या बाईनंच घालून द्यावा. सणाच्या बाजारात बांगड्यांबरोबर प्रत्येकीला एकेक काजळाची कांडी घ्यावी आणि तिच्यावर नाव टाकावं. मग कुणाला नाही म्हणायची पाळीच येत नाही.

बँकेत खातं दोघांच्या नावानं चालतं, पण सही ज्याची त्याचीच लागते. त्यानं दोघांतली माया कमी झाल्याचं मी कधी पाहिलं नाही.