मोटार जळाली : भरून घ्यावी की नवी टाकावी?



चैत्र-वैशाखात आमच्या गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, मोटार जळाली. भरून घेऊ, का नवीच टाकू?" त्या वेळी सुरू ऊस फुटव्यावर असतो, आडसाली कांड्यावर असतो आणि पाण्याची पाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असते. अशा वेळी निर्णय घाईत होतो. जो फिटर आधी सापडेल त्याचे ऐकायचे, नाहीतर जो दुकानदार उधारीवर देईल त्याची मोटार उचलायची. म्हणून हा हिशोब मोटार चालू आहे तोवरच समजून घेतलेला बरा. आम्ही तो तीन प्रश्नांत मांडतो.

१. मोटार कशाने जळाली?

मोटार दुकानात उघडली जाते तेव्हा सभासदाने स्वतः हजर राहावे. आतल्या कॉइलीच बरेच काही सांगतात. काही कॉइली काळ्याठिक्कर आणि बाकीच्या जशाच्या तशा असतील, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालू राहिली असे समजावे. सगळ्या कॉइली सारख्याच करपल्या असतील, तर व्होल्टेज कमी होते, लोड जास्त होता किंवा पंप आत जाम झाला होता. एकाच जागी ठिणगी पडल्यासारखा डाग असेल, तर त्या जागची तार कच्ची निघाली. बुश घासून गेले असतील, तर विहिरीतले पाणी तुटल्यावरही मोटार कोरडी फिरली असण्याचा संभव असतो.

हे कारण तसेच राहिले, तर भरलेली मोटारही जळणार आणि नवीही जळणार. दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटार ओढणे, ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून तो डायरेक्ट करून टाकणे, हे प्रकार आम्हाला अजूनही बांधावर दिसतात. रिले पडतो तो मोटार वाचवण्यासाठीच पडतो. फेज गेल्यावर मोटार बंद करणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरला जोडावे. रिले मोटारीच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरलाच लावावा. व्होल्टमीटरचा काटा ३५० च्या खाली असेल, तर मोटार चालू करू नये. एवढे केल्याशिवाय पुढचा कोणताही खर्च करणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे होय.

२. पंप पाणी किती देत होता?

मोटार जळाली की सगळ्यांचे लक्ष मोटारीकडेच जाते आणि पंप विसरला जातो. नदीच्या किंवा गाळाच्या पाण्यात बारीक रेती असते. तिने इंपेलर झिजतो, आतली फट वाढते आणि पाणी हळूहळू कमी होत जाते. रोज पाहणाऱ्याला ते कळत नाही.

मोजण्याची रीत सोपी आहे. २०० लिटरचा बॅरल पाइपाच्या तोंडाशी धरावा आणि घड्याळ लावावे. तीनदा मोजून सरासरी काढावी. बॅरल २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लिटर पाणी आले. तोच बॅरल २५ सेकंदांत भरला तर ८ लिटर. फरक पाच सेकंदांचाच, पण आठ तासांच्या विजेत पहिला पंप २ लाख ८८ हजार लिटर देतो आणि दुसरा २ लाख ३० हजार. एका एकराला साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचे, तर सुमारे ३ लाख लिटर लागते. म्हणजे चार एकर ऊस भिजवायला पहिल्याला चार दिवसांहून थोडे जास्त लागतात, दुसऱ्याला पाचाहून जास्त. ऐन उन्हाळ्यात तो एक दिवस शेवटच्या वाफ्यातला ऊस सोसतो.

काही सभासद म्हणतात, "बिलच येत नाही, मग पंपाने वीज जास्त खाल्ली तरी आपले काय जाते?" साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्याच्या बळीराजा मोफत वीज योजनेचा लाभ आहे हे खरे. पण वीज फुकट असली, तरी तिचे तास मोजकेच आहेत. झिजलेला पंप बिल वाढवत नसेल, पण तुमचे तास खातो.

३. पैसा किती आणि किती वर्षांसाठी?

आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा वाइंडिंगला ६ हजार, बुश-सीलला दीड हजार, आणि मोटार काढणे, नेणे-आणणे, पुन्हा बसवणे याला दीड हजार, असे ९ हजार झाले. नवा पंपसेट जुन्याची मोड वजा जाता ३२ हजारांना पडतो आणि आठ वर्षे चालतो, म्हणजे वर्षाला ४ हजार. आता भरलेली मोटार तीन वर्षे चालली, तर वर्षाला ३ हजारच पडले, भरणेच बरे. पण ती वर्षभरातच पुन्हा जळाली, तर वर्षाला ९ हजार पडले. दुकानदाराचे बिल तेच, निकाल उलटा. म्हणून "भरायला किती घेतो?" एवढेच विचारू नये, "भरल्यावर किती वर्षे चालेल?" हेही विचारावे. आणि त्याचे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत आहे.

मग करावे काय?

मोटार पहिल्यांदाच जळाली, कारण सापडले आणि पंप पूर्वीइतकेच पाणी देत होता, तर खुशाल भरून घ्यावी. भरताना तार तांब्याचीच, मूळ गेजची आणि तितक्याच वेढ्यांची असावी. निघालेल्या जुन्या तांब्याचे वजन करून त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी. जुनी कॉइल काढायला मोटार उघड्या जाळावर भाजू देऊ नये. त्याने आतले पत्रे खराब होतात आणि मोटार पुढे कायम गरम चालते.

दोन-तीनदा भरून झाली, पाणी पूर्वीपेक्षा पाचवा हिस्सा कमी झाले, किंवा शाफ्ट आणि बॉडीच खराब झाली, तर नवी घ्यावी. नवी घेताना आयएसआय खूण पाहावी आणि पाणी किती उंच चढवायचे ते मोजून त्या हेडचा पंप मागावा. पाचाच्या जागी साडेसात टाकली म्हणून विहिरीचे झरे वाढत नाहीत. मंजूर भाराबाहेर मोटारी वाढल्या, की डीपीवर ताण येतो आणि शेजाऱ्याचीही मोटार जळते.

सामायिक विहिरीत तर हा निर्णय आणखी अवघड होतो. ज्याची पाळी उद्या आहे त्याला घाई असते, ज्याचे पाणी कालच झाले तो वर्गणीला हात आखडतो, आणि शेवटी स्वस्तातले काम ठरते. अशा वाटेकऱ्यांनी दर पाळीला थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि किती वेळा भरल्यावर नवी घ्यायची ते आधीच ठरवून लिहून ठेवावे. त्याने पाणीही टिकते आणि भाऊबंदकीही.

दर साल माघात, विहिरीला पाणी असताना, एकदा बॅरल लावून मोजावे. तारीख, सेकंद आणि विहिरीतल्या पाण्याची पातळी वहीत टिपावी. मोटार जळेल त्या दिवशी ही वही घेऊन गट ऑफिसात यावे. मग भरायची की नवी घ्यायची, हे आपण दोघे मिळून पाच मिनिटांत ठरवू.