ताप आणि तपासणी – ६ : दोन घड्याळं

मागच्या भागात विडाल चाचणीवर इतकी टीका केली, की ‘मग टायफॉइड ओळखायचा तरी कसा?’ हा प्रश्न येणारच होता. उत्तर जुनंच आहे : ब्लड कल्चर. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालायचं, बाटली उबेत ठेवायची आणि जंतू वाढतात का ते पाहायचं. पूर्वी ही राखण माणूस करायचा. रोज सकाळी बाटली उजेडासमोर धरायची, द्रव गढूळ झालाय का ते निरखायचं. नसला झाला तरी ठरल्या दिवशी थोडा प्लेटवर पसरायचा.

आता राखणीला यंत्र आहे. बॅक्टअलर्ट नावाच्या यंत्राच्या बाटलीच्या बुडाशी एक चकती असते. वाढणारे जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तसा तिचा रंग निळसर-हिरव्यावरून पिवळ्याकडे सरकतो. बॅक्टेक या दुसऱ्या यंत्रात रंगाऐवजी चकाकी वाढते. यंत्र दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटली वाचतं. जंतू असतील तर बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांतच इशारा वाजतो. पाच दिवस काहीच हललं नाही तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’.

असं यंत्र घेण्याजोगं आहे का, हे कसं तपासतात? एकाच रुग्णाचं रक्त सारख्या मापाने दोन यंत्रांच्या बाटल्यांत घालतात. दोन्हीकडे जंतू सापडले किंवा दोन्हीकडे नाही सापडले, तर कोण सरस ते कळत नाही. निकाल लागतो तो एकाने पकडलेल्या आणि दुसऱ्याने सोडलेल्या बाटल्यांवर. निगेटिव्ह बाटल्याही प्लेटवर पसरून पाहाव्या लागतात. खोटे इशारेही मोजायचे : ल्युकेमियाच्या रुग्णात पांढऱ्या पेशीच इतक्या असतात, की त्यांच्या श्वासानेच यंत्र फसतं. आणि या सामन्याचा पंच? तोही कल्चरच.

माहितीपत्रकावर मात्र एकच आकडा ठळक असतो : किती तासांत जंतू सापडला. हे घड्याळ बाटली यंत्रात गेल्यावर सुरू होतं. रुग्णाचं घड्याळ सुई टोचल्यापासून चालू असतं.

समजा, कोपरला एका कलेक्शन सेंटरमध्ये संध्याकाळी सातला रक्त घेतलं. यंत्र ठाण्याच्या मोठ्या लॅबमध्ये; सॅम्पल नेणारा मुलगा सकाळी येणार. मे महिन्यातली रात्र, खोलीत बत्तीस-तेहतीस अंश. यंत्र बघतं ती वाढीची चढण. ती बाहेरच पार पडली, तर आत गेल्यावर दिसतं सपाट मैदान आणि भरलेली बाटली ‘निगेटिव्ह’ ठरू शकते. म्हणून कुणी काळजीने ती फ्रिजमध्ये ठेवतं. तेही चूकच, गारठ्याने काही जंतू मरतात. बाटली शक्यतो दोन तासांत आत जावी, हा नियम त्यासाठीच.

दुसरी गोष्ट रक्ताची. मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एकही जंतू नसतो. म्हणून प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर हवं, आणि दोन वेगवेगळ्या जागी टोचून घेतलेलं. एवढं म्हटलं की नातेवाईक धास्तावतात, आणि टेक्निशियन तीन-चारवर भागवतो. शिवाय चार दिवस अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं. टायफॉइडमध्ये कल्चर निम्म्याच्या आसपासच रुग्ण पकडतं. नसेत राहिलेला जंतू कुठल्याच कंपनीच्या यंत्राला सापडणार नाही.

निम्मेच सापडत असतील, तर त्यावर भरवसा काय? याचं उत्तर नवी मुंबईत मिळतं. तिथल्या महापालिकेने २०१८ साली नऊ महिने ते चौदा वर्षांच्या लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली. सार्वजनिक आरोग्यसेवेतून अशी मोहीम तोवर कुठेच झाली नव्हती. शहराचे काही भाग आधी, काही नंतर घेतले आणि ब्लड कल्चरमध्ये सापडलेल्या रुग्णांची तुलना केली. लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या भागांत कल्चर सारख्याच प्रमाणात रुग्ण चुकवत असेल, तर तुलनेला धक्का लागत नाही. शहरातला एकूण टायफॉइड मात्र तेवढ्याने कमीच मोजला जातो. आणि ‘सारख्याच प्रमाणात’ म्हणायला दोन्हीकडे रक्त सारखं घ्यावं लागतं, बाटल्या सारख्याच वेळेत यंत्रात जाव्या लागतात.

एक घड्याळ अजून राहिलं. बाटलीने रात्री दोनला इशारा दिला आणि लॅबमध्ये सकाळी नऊशिवाय कुणी येत नसेल, तर ते सात तास कुणाच्या खात्यावर? पुढच्या भागात इशारा वाजल्यापासून डॉक्टरांच्या फोनपर्यंतचा प्रवास पाहू.