पेट स्कॅनवरील प्रत्येक तेजस्वी स्थान म्हणजे कर्करोग नव्हे

लिम्फोमाची केमोथेरपी पूर्ण झालेला रुग्ण काही महिन्यांनी पेट स्कॅनचा अहवाल घेऊन वैद्याकडे येतो. ‘चयापचय वाढलेले स्थान’ एवढ्या उल्लेखानेच रोग उलटला, असे कुटुंबीय गृहीत धरतात. अशा वेळी वैद्याने काय सांगावे, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

या तपासणीत किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ युक्त एफडीजी हे ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेवाटे देतात. ग्लुकोज अधिक वापरणाऱ्या पेशींत ते साचते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. शोथातील पेशीही तशाच असतात. त्यामुळे क्षय, सारकॉइडोसिस, न्यूमोनिया आणि किरणोपचारानंतरचा फुप्फुसशोथ हुबेहूब रोगासारखे दिसू शकतात. बालके व तरुणांत केमोथेरपीने आक्रसलेली थायमस ग्रंथी उपचारांनंतर पुन्हा वाढते आणि उरोस्थीमागे तेज दिसते. थंडीत मानेतील तपकिरी मेद, जी-सीएसएफ इंजेक्शनानंतर अस्थिमज्जा व प्लीहा, तर लसीकरणानंतर काखेतील ग्रंथी असाच भ्रम निर्माण करतात.

हा भ्रम टाळण्यासाठी फ्रान्समधील दोव्हिल येथे २००९ साली पाच श्रेणींची पद्धत मांडली गेली. २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाने ती स्वीकारली. तीत संशयित स्थानाची तुलना यकृताशी व उरोमध्यातील रक्तप्रवाहाशी करतात. तरीही संशय उरल्यास नवे उग्र उपचार आरंभण्यापूर्वी बायॉप्सी आवश्यक ठरते. आपल्या परिभाषेत स्कॅन हे अनुमान, तर बायॉप्सी हे प्रत्यक्ष होय.

येथे वैद्याची कसोटी लागते. थायमसची वाढ कालांतराने आपोआप ओसरते. त्या काळात दिलेल्या काढ्याने ‘कर्करोग बरा झाला’ असे म्हणणे असत्य ठरेल. शिवाय कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. उलटपक्षी, ‘ही साधी सूज आहे’ असे परस्पर सांगून रुग्णाला रोखल्यास खरा उलटलेला रोग बळावेल. औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीविना स्टेरॉइड देऊ नये. त्याने लिम्फोमाच्या गाठी तात्पुरत्या आक्रसतात आणि बायॉप्सीचे निदान चुकू शकते.

अलीकडील ज्वर, खोकला, लसीकरण, इंजेक्शने आणि चालू असलेली आपली औषधे यांची तारीखवार नोंद करून ती कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावी. रुग्णास धीर द्यावा, निदान मात्र देऊ नये. सापेक्ष निदानाची आपली परंपरा याहून वेगळे काही सांगत नाही.